बंदुकीला कुंकू

सुवर्णानं शेजारच्या फेक्लाला शब्द दिला होता, की औंदा अस्वलाच्या शिकाऱ्याला खोली द्यायची न्हाई. तो मोडायला एक फोन पुरला. पलीकडचा माणूस "काकू, मी मिशिगनहून बोलतोय, ट्रॉयहून, डॉक्टर परीक्षित," असं म्हणाला आणि मराठी ऐकून ही पाघळली. खोली दिली, पुरणपोळी कबूल केली, दसऱ्यालाच ये म्हणाली. कशाला येतोस हे विचारायचंच राहिलं. अस्वलं बघायला येत असंल, दुसरं काय.

सुवर्णा राहते त्या अलास्काच्या बेटावर मराठी बोलायला एकटा कुमार, तिचा नवरा, आणि तो मुळातच अबोल. मासळीच्या कारखान्यातली मशिनं सांभाळता सांभाळता त्याचे गुडघे गेले. मग माणदेशातल्या या बाईनं घराच्या वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. उन्हाळ्यात गळ टाकणारे येत, दसरा-दिवाळीच्या सुमाराला बंदूकवाले.

जमीन बेटावरच्या मूळ लोकांची. त्यांचीच कंपनी बाहेरच्या वाटाड्याला दरसाल शिकारीची परवानगी देते. तो लांबलांबून शौकीन आणतो. शौकीन अस्वल पाडतात, कातडं आणि कवटी घेतात, धूड तिथंच टाकून जातात. फेक्ला त्याच लोकांतली, सुवर्णाची शेजारीण, सत्तरी ओलांडलेली. "आमच्या बापजाद्यांनीही अस्वल मारलं. पण खाल्लं. भिंतीवर नाही टांगलं," हे ती दर वसंतात कंपनीच्या सभेत उठून सांगते. लोक मान डोलावतात, आणि हात परवानगीच्या बाजूनं वर करतात. सुवर्णा मागच्या बाकावर चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसलेली असते. परतताना दोघी बोलत न्हाईत. बोलून बोलून झालेलं असतं.

दसऱ्याला सुवर्णानं पाट मांडला. त्यावर विळी, मासे कापायची सुरी, शिलाई मशीन, कुमारचे नट-बोल्टाचे पाने. झेंडू कुठला मिळायला? दुकानातली प्लास्टिकची माळ घातली. फेक्ला जेवायला आली होती, शेगडीजवळ ऊब घेत बसली होती. एवढ्यात परीक्षित जिन्यावरून उतरला आणि त्यानं विळीशेजारी रायफल आडवी ठेवली. कोरी करकरीत. वर माळेचं एक टोकही ओढून घेतलं.

"काकू, हिलापण कुंकू लावा ना. उद्यापासून हंट आहे. लाइफटाइम ड्रीम आहे, यार!"

फेक्लाला मराठीचं अक्षर कळत न्हाई. पण बंदुकीवरची माळ बघून कळायचं ते कळलं. तिनं सुवर्णाकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. सभेतून परतताना रस्त्याकडं बघायची, तसं बघितलं.

सुवर्णाचं कुंकवाचं बोट तसंच राहिलं. "उचल ती."

"शस्त्रपूजा आहे ना, काकू? परंपराच आहे आपली."

"आमच्यात ज्याच्यावर पोट चालतं त्याला कुंकू लावत्यात. तुझं कशावर चालतं?"

"मी ॲनेस्थेशिया देतो. भूल."

"मग ती सुई आण, लावते. आणि मारल्यावर खाणार हायेस का?"

"अस्वल? छे! मी व्हेजिटेरियन आहे, काकू."

कोपऱ्यातला कुमार फसकन हसला. सुवर्णाला हसायचंही त्राण न्हवतं.

"पोटभर जेव. मग वाटाड्याला फोन कर, दुसरीकडं खोली बघ. चूक माझी हाय, मी विचारलं न्हाई. पण हिला शब्द दिलाय."

"मराठी माणूस म्हणून आलो होतो तुमच्याकडे!"

"म्हणून तर फसले, बाबा."

पोळ्या मात्र तो रागारागानं का होईना, तूप मागून मागून जेवला. मग बॅगा घेऊन गेला.

त्याच आठवड्यात वाटाड्याच्या ट्रकमागं कातडं बांधलेलं गावानं बघितलं. वाटाड्यानं हिच्या घराचं नाव आपल्या यादीतून काढलं आणि वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. सुवर्णा चादरी घड्या घालत होती तेव्हा फेक्ला वर आली, धापा टाकत पलंगावर टेकली.

"त्याला खोली मिळालीच," ती म्हणाली.

"मिळाली." सुवर्णाचं इंग्रजी तुटकं, पण फेक्लाला सवयीचं.

"अस्वलही गेलं."

"गेलं."

फेक्लानं चादरीचं दुसरं टोक धरलं. "वसंतात सभा आहे."

सुवर्णानं टोकं जुळवली. घडी नीट बसंना, परत घातली.

"थर्मास नवा घ्यायला पायजे," ती म्हणाली. "जुन्यात चहा निवतो."