सुभेदारांची दगडी वाट

रहिमतपूरच्या वेशीबाहेर सुभेदार नाथाजी माने एकटेच राहत. १९७३ साली ते फौजेतून निवृत्त होऊन परतले आणि वर्षाच्या आतच त्यांच्या पत्नी राहीबाई गेल्या. मुली सासरी होत्या. पावसाळ्यात फाटकापासून ओट्यापर्यंत चिखल व्हायचा. त्यामुळेच आपल्याकडे कुणी येत नाही, अशी नाथाजींनी स्वतःची समजूत घातली होती.

दसरा झाल्यावर त्यांनी कामाला हात घातला. ओढ्यातले चपटे दगड बैलगाडीने आणले, माती उकरून मुरूम ठोकला आणि दोरी ताणून एकेक दगड बसवला. गवंडी लावला नाही. दिवस जायला काहीतरी हवंच होतं. थंडी सरताना रुंद, सपाट वाट तयार झाली. रोज संध्याकाळी ते धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसत. फाटक कुणी उघडलं नाही.

मग एका सकाळी शेजारची शालूबाई आली. नाथाजी लगबगीने उठले.

"ये की, बस. च्या टाकतो."

"नगं आबा, घाईत हाय. हळद शिजवलीया. तुमच्या दगडांवर वाळाय घालू का? लय सपाट हायती."

"घाल की, त्यात काय इचारायचं!"

दुपारपर्यंत सगळी वाट हळदीने झाकली. नाथाजी राखणीला बसले आणि येता-जाता कडेच्या मातीतून चालू लागले. शालूबाई रोज संध्याकाळी हळद हलवायला यायची, उभ्या-उभ्याच दोन शब्द बोलून जायची. यंदा ऊन जरा बेतानेच पडावं, असं नाथाजींना वाटू लागलं.