नोंदीत न बसणारी जागा

देव हा विषय आमच्या घरात सुनंदाचा. मी हवामान खात्यातला. सगळी नोकरी पारा आणि पर्जन्यमापक बघण्यात गेली, त्यामुळे जे मोजता येतं तेवढंच खरं, अशी माझी धारणा. बदली होऊन कोलकात्याला आलो, डमडमला घर घेतलं आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. सकाळी ती पूजा करायची, मी पेपर वाचायचो, आणि दोघांचंही छान चाललं होतं. अशा माणसाने अनुभव लिहायला बसावं याचं माझं मलाच हसू येतं. पण यंदाच्या गणपतीत जे घडलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात सुनंदाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती, तरी शुद्धीवर आल्यावर तिने मला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली, तेव्हा मी नर्सला बोलवायला धावलो. दरवर्षी इथली मराठी कुटुंबं आमच्याकडे आरतीला यायची ती तिच्या आवाजासाठी. आता ती पाटीवर लिहून बोलते. फार चिडली की खडू मोडतो, एरवी ती काही तक्रार करत नाही.

एकच आधार होता. मुलगी मुग्धा इथेच वाढलेली, तिला आरत्यांच्या चाली नीट यायच्या नाहीत. तिने शिकाव्यात म्हणून दर गणपतीत सुनंदाची आरती मी घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवत असे. मुग्धाने त्या कधी नेल्या नाहीत आणि त्या आणखी कुठे ठेवाव्यात हे मलाही सुचलं नाही. यंदा तेच रेकॉर्डिंग लावायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं, असं ठरलं होतं. सुनंदाने मान हलवली होती, पण डोळे वर केले नव्हते.

पावसाळ्यात मात्र त्या कॉम्प्युटरने माझा पिच्छा पुरवला. डिस्कवरची मोकळी जागा काही कारण नसताना कमी व्हायची. काही उघडलेलं नाही, काही साठवलेलं नाही, आणि जागा गायब. मग एखाद्या सकाळी आपली आपण थोडी परत यायची, की पुन्हा गायब. जुनी सवय, मी सकाळ-संध्याकाळ बघायला लागलो. पाऊस कितीही लहरी असला तरी त्यामागे वारा असतो, ढग असतात. इथे मला काहीच सापडेना. मुलगा परदेशात असतो, तो आरतीला व्हिडिओवरून हजर असतो. हे यंत्र ऐन वेळी अडून बसलं तर काय, या काळजीने मी दिवसभर चरफडत असे. ‘जागा नाही, जागा नाही’ हे माझं पालुपद झालं होतं. ऐकणारी घरात एकच होती आणि ती उलट बोलू शकत नव्हती.

यंदा विश्वकर्मा पूजा, म्हणजे इथला यंत्रं पुजायचा सण, आणि गणपती लागोपाठ आले. विश्वकर्मा पूजेच्या सकाळी रेकॉर्डिंग एकदा लावून बघावं म्हणून मी कॉम्प्युटर उघडला, तर सुनंदाच्या आरत्यांचं फोल्डर जागेवर नव्हतं. कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं, तीही रिकामी. मी ओरडलोच, "सुनंदा, आरत्या कुठे गेल्या?" ती ओले हात पुसत आली, पाटी घेतली आणि शांतपणे लिहिलं, ‘मी काढल्या. तुम्हाला जागा हवी होती. मुलगा दिसायला हवा.’ तिने ओळ पुसली आणि खाली लिहिलं, ‘आवाज त्याचाच होता. त्याला दिला.’ आणि बोट देव्हाऱ्याकडे केलं.

टोपली रिकामी करायला तिला मीच शिकवलं होतं. आणि कहर म्हणजे एवढं करूनही जागा तसूभर वाढली नव्हती. जिच्यासाठी तिने आपला आवाज पुसला, ती जागासुद्धा मिळाली नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही, तिच्या देवावर. गळ्यातला आवाज घेतलास, तेवढ्याने तुझं भागलं नाही का, असं मी देव्हाऱ्याकडे बघून मोठ्याने म्हणालो.

आता ते यंत्र मला डोळ्यांसमोर नको होतं. सगळं पुसून नव्याने भरायचं ठरवून मी स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या तपनला फोन लावला. मागे ढाक, पूजेचा ढोल, वाजत होता. "मेशोमोशाई, आज बिश्वोकर्मा पुजो," तो म्हणाला, "आज जोंत्रे हात देबो ना." काका, आज यंत्राला हात लावायचा नाही, उद्या येतो. मी रागाने फोन ठेवला आणि स्वतःच पुसायला बसलो. तेवढं मला येतं.

बोट बटणावर होतं आणि सुनंदा हळदकुंकू घेऊन आली. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारं पुजतात. इथे आल्यापासून ती विश्वकर्मा पूजेलाही विळी, शिलाई मशीन, माझी छत्री, सगळं पुजते. तिने पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडू ठेवला, हात जोडले आणि सरळ भिंतीतली पिन काढली. पडदा काळा झाला. माझ्या तोंडाशी नको ते शब्द आले होते. पण जिला उत्तर देता येत नाही तिच्याशी भांडायचं कसं? मी उठून गच्चीत गेलो. आकाशभर विश्वकर्मा पूजेचे पतंग होते, आणि मी तिथे उभा राहून रडलो.

दुसऱ्या दिवशी गणपती. मुग्धा न्यू टाउनच्या ऑफिसातून रजा घेऊन सकाळीच आली. तिला सगळं सांगितल्यावर ती आईला बिलगली, मग कॉम्प्युटरपुढे बसली. "बाबा, डिलीट केल्यावर जागा वाढलीच नाही? नक्की?" तिने दोनदा विचारलं. माझं उत्तर ऐकून ती एकदम ताठ झाली. "मग थांबा. कशालाच हात लावू नका."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, हे बघा." पडद्यावर सुनंदाचं फोल्डर होतं. मुग्धाने कारण सांगितलं. यंत्र अधूनमधून सगळ्याची जुनी प्रत आपल्याआपणच बाजूला ठेवतं, जास्त झाल्या की जुन्या टाकतं. माझी जागा जात होती आणि येत होती ती त्यामुळे. ज्या जागेला मी महिनाभर शिव्या घातल्या, तिथेच सुनंदाचा आवाज ठेवलेला होता. "काल तुम्ही पुसला असता तर गेलंच होतं," मुग्धा म्हणाली. "नुसता चालू ठेवला असता तरी कदाचित गेलं असतं."

कारण मला पटलं. मी कारणं मानणारा माणूस आहे. पण काल त्या बटणावर माझं बोट असताना झेंडू घेऊन कोण आलं, याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला कळत नाही.

संध्याकाळी माणसं जमली, मुलगा पडद्यावर आला, मुग्धाने गेल्या वर्षीची आरती लावली. पहिला सूर आला आणि हातात निरांजन धरलेली सुनंदा जागच्या जागी थिजली. मागून म्हणायचं सगळे विसरले, टाळ्यासुद्धा थांबल्या. घरात फक्त तिचा आवाज होता, भरदार, थोडा घाईत. मग मध्येच तो आवाज गाणं थांबवून म्हणाला, "अहो, तो पंखा बंद करा, निरांजन विझतंय."

मी उठलो आणि पंखा बंद केला.

बटणावर हात ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. वळून पाहिलं तर सगळे रडत होते आणि सुनंदा खांदे गदागदा हलवत हसत होती. तिच्या हातातली ज्योत सरळ उभी राहिली होती. आरती संपल्यावर तिने पाटी ओढली आणि लिहिलं, ‘पहिल्यांदाच एका हाकेत उठलात.’

मोकळी जागा बघणं मी सोडून दिलं आहे. रोज सकाळी पेपर उघडण्याआधी देव्हाऱ्यापुढे जातो. मागायला काही सुचत नाही, तेव्हा नुसते हात जोडतो आणि पंखा बंद करून बाहेर येतो.