वहिनीच्या फायलींची नावं

आमची वहिनी इंजिनाच्या डोक्यात हात घालते. म्हणजे गाडीतला जो छोटा कॉम्प्युटर इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो, त्याचं प्रोग्रॅमिंग बदलते. लग्नाआधी ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. दादाच्या गॅरेजात सहज डोकावली आणि वर्षभरात दादाच तिला विचारून स्क्रू फिरवायला लागला! केसांत पेन्सिल खोचलेली, कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. गिऱ्हाईक गाडी चालवणार, ही शेजारी बसून इंजिनाची खडखड ऐकणार. त्याशिवाय गाडी सोडत नाही.

आणखी एक खोड आहे. गाडीच्या प्रोग्रॅमची फाईल ती मालकाच्या नावाने ठेवत नाही, त्याच्या सवयीवरून ठेवते. ‘घाईखोर डॉक्टर’. ‘सासू मागे बसते’. मालकाला अर्थातच पत्ता नसतो.

मी अण्णांच्या जुन्या गाडीला इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलले. रविवारी घाटात शर्यत होती. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एकच अट घातली: इंजिनाला काही झालं तर किल्ली विसरायची. आणि अण्णा बोलले म्हणजे बोलले.

नवे भाग बसवून गाडी उलट रडायला लागली, कारण आतल्या कॉम्प्युटरला त्यांची खबरच नव्हती. वहिनीने आधी जुनी फाईल जपून ठेवली, मग मला विचारलं, ‘‘पेट्रोल कुठलं भरतोस?’’

‘‘भारीतलंच,’’ मी म्हणालो. साफ थाप. भारीतलं पेट्रोल लांबच्या पंपावर मिळतं, आणि मला तेवढं जायचा कंटाळा.

‘‘नक्की?’’

‘‘अहो वहिनी, नक्की म्हणजे नक्की!’’

तिने नवी फाईल चढवली आणि दोन तास आम्ही रस्त्यावर होतो. गाडी भन्नाट पळाली. मी म्हटलं, अजून थोडी ताकद द्या ना. तिने लॅपटॉप मिटला. ‘‘पुरे.’’ मला असा राग आला म्हणून सांगू!

शर्यतीत शेवटच्या चढावर पाय तळाला टेकवला आणि एकदम आठवलं, टाकीत साधं पेट्रोल आहे. भारीतल्या हिशेबाने लावलेलं इंजिन साध्यावर ताणलं तर आतून ठोके घालतं आणि पिस्टन फोडतं. अण्णांचा चेहरा समोर आला. पण इंजिन गुपचूप चढलं. मी चौथा आलो.

घरी येऊन वर मीच वहिनीवर तणतणलो, ‘‘हात आखडता घेतलात ना? पहिला आलो असतो!’’

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझ्या गाडीची फाईल: ‘थापाड्या दीर, साधं पेट्रोल’.

‘‘खोटं बोलताना तू मान खाजवतोस,’’ ती म्हणाली. ‘‘लग्नात माझी चप्पल कुठंय विचारलं, तेव्हाही खाजवत होतास.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घातली, तेव्हा त्या फायलीच्या खालची दुसरी दिसली. तीही माझ्याच गाडीची, त्याच दिवशी बनवलेली, पुऱ्या ताकदीची. तिचं नाव होतं, ‘खरं बोलला तर’.

‘‘वहिनी,’’ मी म्हणालो, ‘‘साधंच भरतो मी. कायम.’’

‘‘माहितीये. जा, टाकी रिकामी कर आणि लांबच्या पंपावर जाऊन ये.’’