चोविसावा खिळा

पाण्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय सेतूराव कॅमेरा बाहेर काढत नसत. बदलीवर मद्रासला आलो तेव्हा वसाहतीमागच्या एरीवर, म्हणजे तलावावर, ते मला पहिल्यांदा दिसले ते असेच: धोतर खोचलेलं, डावा हात पाण्यात, डोळे मिटलेले. काही पडलं का, विचारलं. म्हणाले, "ओळख नसलेल्याचें चित्र कसें घ्यायचें?"

ते तंजावरकडचे मराठी. गिंडीच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासून निवृत्त झालेले. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेलाची. 'सगळं' याला ते 'अस्क' म्हणत. हात पुसून फोटो काढत, तोही एकच. आणखी एक काढा म्हटलं, तर म्हणत, "पाणी दोनदां तसेंच बसतें कां हो?"

पुढे एरी बुजवून तिथे प्लॉट पाडायचं घाटू लागलं. आमच्या विहिरींना पाणी होतं ते तिच्यामुळेच. सेतूरावांनी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन मांडलं: एरीची दोन वर्षं, दर महिन्याचा एक फोटो. एरी बुजवायची की नाही हे ठरवणारे सरकारी अधिकारी ते पाहायला येणार होते. मी रेल्वेत आकडेवारी जुळवणारा, म्हणून फोटो क्रमाने लावून खाली महिने लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

महिने चोवीस, फोटो तेवीस. एका जूनमध्ये ते आजारी होते. रिकामा खिळा मला बघवेना. ते पाहुण्यांना आणायला गेले असताना मी त्यांच्या दुसऱ्या पाकिटातून काठोकाठ भरलेल्या, कमळांच्या तळ्याचा फोटो काढून तिथे लावला आणि खाली 'जून' लिहिलं. माझ्या मनातला जून पुण्याकडचा होता. मद्रासला पाऊस ऑक्टोबरनंतरचा. शेजारच्या मे आणि जुलैच्या फोटोंत भेगाळलेला चिखल होता. मी संख्या मोजली, फोटो पाहिले नाहीत.

अधिकारी नेमके तिथेच थांबले. दोन कोरड्या महिन्यांच्या मध्ये एवढं पाणी कुठून आलं, असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं. विचारताना ते किंचित हसले. आता बाकीचे तेवीसही खोटे ठरणार, हे मला कळलं.

सेतूरावांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोटो खिळ्यावरून उतरवला. हे पाणी तंजावरचं, जूनचा फोटो आपल्याजवळ नाही आणि चूक आपली, असं त्यांनी सांगितलं. माझं नाव घेतलं नाही.

अधिकारी थोडा वेळ रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. मग वही काढून पहिल्या फोटोपासून पुन्हा पाहू लागले, एकेक महिना टिपून घेत. महिनाभराने बुजवण्याचा बेत रद्द झाल्याचं कळलं.

प्रदर्शनाच्या दिवशीच संध्याकाळी मी माफी मागायला गेलो होतो. त्यांनी बोलूच दिलं नाही. तो फोटो माझ्या हातात ठेवला. मागे तळ्याचं खरं नाव लिहिलं होतं. "तेवीस म्हणजे कमी कां हो, कुळकर्णी? एक नसलें तर नसूं दे. आहे तें अस्क खरें पाहिजे."

तेव्हापासून एखाद्या स्टेशनचा आकडा आला नाही, तर मी मागच्या महिन्याचा भरत नाही. रकाना कोरा ठेवतो. साहेबांची बोलणी खातो.

सेतूराव गेल्या वर्षी गेले. त्यांच्या तेराव्याला मी एरीवर जाऊन आलो. माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. तरी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.