आत्याचं मत

रत्नदीपला निवडणूक हरायची सवय झाली होती. आंजीत त्याचं पंपाच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान होतं आणि घर पलीकडे, धाम नदीच्या काठच्या गावात. तिथल्या ग्रामपंचायतीच्या एकाच प्रभागातून तो तीनदा उभा राहिला आणि तीनदा पडला. पहिल्यांदा कपबशीवर, डिपॉझिटही गेलं. दुसऱ्यांदा नारळावर, ऐनवेळी जवळचेच फिरले. तिसऱ्यांदा शिट्टीवर, अगदी थोडक्यात. पण दरवेळी निकाल लागला की तो स्वतः शिडी लावून आपले बॅनर उतरवायचा आणि निवडून आलेल्याच्या घरी जाऊन चहा पिऊन यायचा. "हरावं तं रत्नदीपसारखं," लोक म्हणत. घरी मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि त्याची बायको मेघा ताट वाढून वाट पाहत बसे.

चौथ्यांदा त्याला छत्री मिळाली. समोर शिवणकाम करणारी कमला होती, चिन्हही शिलाई मशीनच. कोणाच्या घरी बाळंतपण असो की आजारपण, कमला धावून जायची. त्यामुळे लढत अवघड होती.

मतदानाच्या दिवशी भागीरथा आत्याला मेघानं नेलं. आत्या रत्नदीपच्या वडिलांची बहीण. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. अशा मतदाराला बटण दाबायला सोबती नेता येतो.

वर्ध्याला मोजणी झाली, तर दोघांची मतं सारखीच. फेरमोजणीतही तेच. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि रत्नदीपचं नाव निघालं. गाडी गावात शिरेपर्यंत तो निळ्या गुलालानं ओळखू येईनासा झाला होता.

पाया पडायला तो आधी आत्याकडे गेला. आत्यानं त्याचा चेहरा चाचपला.

"आला ना निवडून? बरं झालं बापा. पण एक सांगतो, रागावजो नोको. मी कमलेले मत देलं. माह्या पोरीच्या आजारपणात तेच दवाखान्यात बसून होती. मेघाले सांगतलं, शिलाई मशीनचं बटण दाब मनून."

रत्नदीप हसला. "काऊन रागावू, आत्या?" पण दाराशी उभ्या मेघाकडे त्याची नजर गेली, आणि ती खाली पाहत होती.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "कोणतं बटण दाबलं?"

"छत्रीचं." मेघा रडायला लागली. "तीन खेपा पाह्यलं तुमाले तसं पडून राह्यलेलं. मले नाई दाबल्या गेलं दुसरं."

हिशोब लहान मुलालाही कळला असता. आत्याचं मत आत्याच्या मनासारखं पडलं असतं, तर चिठ्ठीची वेळच आली नसती. कमला दोन मतांनी निवडून आली असती.

मेघावर ओरडायला त्याचं तोंड उघडेना. तिनं जे केलं ते त्याच्याचसाठी. हरल्यावर गावात हसत फिरायचं आणि घरात तिला तसलं तोंड दाखवायचं, हे त्यानंच केलं होतं.

पुढं बरेच दिवस तो आत्याचं घर टाळत राहिला. विहारात सत्कार झाला, तेव्हा आत्या पुढच्याच रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. त्याला तिथं उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन त्यानं तिला सगळं सांगितलं.

आत्या रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मंग माह्या मताचं काय झालं?"



तिथून तो कमलाकडे गेला. तिनं मशीन थांबवून ऐकून घेतलं. "तक्रार केली तं मेघावर केस होईन," ती म्हणाली. "ते मी नाई करणार. तुमचं तुमी पाहा, भाऊ."

रत्नदीपनं राजीनामा दिला. कारण लिहिलं, प्रकृतीचं. खरं लिहायची हिंमत झाली नाही. पोटनिवडणुकीत दुसऱ्या कोणीच अर्ज भरला नाही आणि कमला बिनविरोध आली. हातात आलेलं पद रत्नदीपनं बहिणीसारख्या बाईसाठी सोडलं, असं गावात झालं. लोक दुकानात येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून जात. तो मोटारीत मान घालून तार गुंडाळत राही, वर पाहत नसे.

मतदान झालंच नाही, म्हणून आत्याला त्याही वेळी मत देता आलं नाही.