गौरी जेवायच्या दिवशीची तपासणी

दुपारी पुरणाची डाळ निवडता निवडता विमलबाईंचा डोळा लागतो, आणि सुपापलीकडे इंदूअक्का बसलेल्या असतात. थोरली जाऊ. वारून अकरा वर्षं झाली, पण राग अजून नाकावरच.

"तारीख रद्द केलीस म्हणे," अक्का म्हणतात.

दोघींना दुखणं एकच, गुदाशयाचा कर्करोग. अक्कांचं ऑपरेशन झालं, शौचाची वाट कायमची बंद झाली आणि पोटावर पिशवी आली. विमलबाईंची गाठ मात्र किरणांचे शेक आणि औषधांनीच नाहीशी झाली. डॉक्टर म्हणाले, कापायला नको; पण दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघायचं, चुकवायचं नाही. गाठ परत आली तर वेळीच हाती लागली पाहिजे. या खेपेची तारीख नेमकी गौरी जेवायच्या दिवशी. विमलबाईंनी परस्पर फोन केला, दिवाळीनंतर बघू म्हणाल्या, आणि सुनेला सांगितलं की डॉक्टरच गावाला गेलेत.

आता सूप नाही. विमलबाई दवाखान्याच्या टेबलावर कुशीवर, गुडघे पोटाशी. टेबलाखाली चूल पेटलेली, वर पुरण शिजतंय. दुर्बीण अक्कांच्या हातात.

"नैवेद्य कोण करणार मग? तुम्ही?" विमलबाई करवादतात.

"केला असता. करू दिलास?"

हे खरं आहे, म्हणून जास्त झोंबतं. पिशवी लावलेल्या बाईचं सोवळं कसलं, असं म्हणून विमलबाईंनीच अक्कांना चुलीपुढून उठवलं होतं. पुढची चार वर्षं अक्का गौरींना उंबऱ्याबाहेरून हात जोडत होत्या.

"उट्टं काढायला आलात?"

"काढायचं असतं तर गप्प बसले असते. दिवाळीपर्यंत गाठीनंच काढलं असतं." अक्का त्यांचं मनगट आवळतात. "मला दुसरा उपाय नव्हता. तुला आहे, आणि तू तो पुरणात घालतेस. सुनेला करू दे नैवेद्य."

"तिला सोवळं कळत नाही."

"मलासुद्धा तू उठवलंस तेव्हाच कळलं."

विमलबाईंना चुकले म्हणायचं असतं, पण जीभ उचलत नाही. अक्का तोंड फिरवतात. त्यांना ते ऐकायचंही नसतं.

विमलबाई दचकून उठतात. मनगटावर चार नखं रुतलेली, ताजी, एकातून रक्त आलेलं. त्यांची स्वतःची नखं कालच कापलेली आहेत. त्या पदराने रक्त टिपतात. मग सुनेला हाक मारतात.

"डॉक्टर कुठं गेलेले नाहीत," त्या म्हणतात. "फोन लाव त्यांना. पुरण यंदा तू घाल."