पस्तीस की पंच्याऐंशी

घाटंजीतल्या एका मुस्लिम कुटुंबाच्या लग्नात बायकांच्या खोलीतले फोटो काढायचं काम मिळालं, तेव्हा माझ्याकडे नवा मिररलेस कॅमेरा होता आणि लेन्स नव्हती. यवतमाळच्या दुकानात दोन होत्या, दोन्ही झूम न होणाऱ्या: पस्तीस आणि पंच्याऐंशी मिलिमीटरच्या. एकच घेणं शक्य होतं.

मला पंच्याऐंशी हवी होती. दुकानदाराचंही तेच मत. "म्याडम, नवरीचा चेहरा काढाचा तं हेच घ्या. मांगचं सारं धुसर, लोण्यावानी होते."

काम नवरीच्या आईने दिलं होतं. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती कुठेच नव्हती. फोटोग्राफर पुरुष होता, तो मांडवातच थांबला. अल्बमभर नवरदेव, त्याचे मित्र आणि जेवणाऱ्या पंगती. "माया पोरीच्या वक्ती साऱ्या बाया एका फोटोत पायजे," ती म्हणाली. "एक बी सुटली नाही पायजे."

त्याआधी बरीच वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. फोटो कॉलमात बसवण्यासाठी कडेची माणसं कापणं हे रोजचं काम. त्यामुळे तिची अट किती कठीण आहे ते लगेच कळलं. लेन्स घेण्याआधी मी टेप घेऊन एसटीने घाटंजीला गेले.

खोली दहा बाय बारा निघाली. एका टोकाला बायका, दुसऱ्या टोकाला माझी पाठ, मध्ये जेमतेम दहा फूट. नवरीची फुफी, म्हणजे आत्या, दारातून बघत होती.

"नवरीचं माप घ्याले टेलर येते. खोलीचं माप घ्याले कोन येते वो ताई?"

"किती जणी मावतील ते बघतेय."

"मले बीचमंदी घ्या. काठावर अजून जाडी दिसीन."

थट्टा होती, पण अडचण खरी होती. पस्तीसमध्ये जास्त माणसं मावतात, पण अगदी कडेचे चेहरे ताणले जातात.

दुकानात परत येऊन काउंटरपासून दहा फूट मोजले आणि दोन्ही लेन्स आळीपाळीने लावल्या. पंच्याऐंशीत काउंटरचा चार फूट भाग आला, पस्तीसमध्ये दहा. पस्तीस घेतली. दुकानदाराने मान हलवली. त्याच्या मते मी नवरी वाया घालवत होते.

लग्नाच्या दिवशी ठरलेल्या अकराजणी मुकुटबनचे पाहुणे आल्यावर चौदा झाल्या. मागे सहा उभ्या केल्या, मध्ये पाच खुर्च्या मांडल्या, पुढे तिघी सतरंजीवर. काठांवर सडपातळ भाच्या. फुफी तिच्या मागणीप्रमाणे मध्ये, नवरीला लागून. मोजल्या तर तेरा. नवरीच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

तिची आई स्वयंपाकघरात होती. "मायं काय काम तिथं?" आतून आवाज आला. "बिर्यानी पाहून राह्यली मी."

"भाभी, तुमच्या लग्नात बी तुमी अंदरच रायल्या," फुफी ओरडली. "आता येता, का मीच पोरीची माय म्हनून बसू?"

ती ओढणीला हात पुसत आली आणि खुर्चीवर बसली.

माझी पाठ लोखंडी कपाटाला टेकली होती. आणखी मागे जायला बोटभरही जागा नव्हती. चौकटीत डावी भिंत होती, उजवी भिंत होती आणि मधल्या साऱ्या जणी होत्या. तीन फोटो काढले. तिसऱ्यात कोणाचेही डोळे मिटलेले नव्हते.

फुफीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवून डोकी मोजली. "चौदा! एक बी कटली नाही!"

खोलीत एवढा गलका झाला की बाहेरून एका पुरुषाने काय झालं म्हणून विचारलं.

"तुमाले नाही दाखवत," आतून उत्तर गेलं.

कॅमेरा सर्वांत जास्त वेळ नवरीच्या आईकडे राहिला. आधी तिने मुलीला पाहिलं, मग स्वतःला. "मोठा करा," ती म्हणाली. "लेकीले एक, मले एक."

मी तीन फुटी दोन प्रती छापून दिल्या. आईची प्रत त्याच खोलीत लागली. खिळा तिने स्वतः ठोकला.